कवितेतली ती

"सर, पण ही बाई होती कोण?"

मागच्या बाकावरच्या उजे नावाच्या मुलानं विचारलं आणि वर्ग खिदळला. नाम सरांनी चोरट्या नजरेनं भिंतीकडे पाहिलं. तिथे खुर्चीवर ओक्नान आजी बसली होती. हातातला युजाचा, लिंबासारख्या फळाचा चहा तिनं तोंडाला लावला नव्हता.

"कवितेबद्दल विचार, कवीबद्दल नको," सर म्हणाले.

आजीला ठाऊकच होतं, असं काहीतरी होणार. शाळेनं तिला मोठ्या मानानं बोलावलं होतं. तिचा नवरा, ब्योन थेगू, कोरियातल्या या बेटानं दिलेला एकुलता एक कवी. त्याची ‘शेवटची बोट’ ही कविता शिळेवर कोरून धक्क्यावर उभी करायची होती आणि त्याला आजीची संमती हवी होती. ‘आधी आमची मुलं कविता कशी वाचतात ते बघा,’ असं सरांनी गळ घालून म्हटलं होतं. ती आली होती ती नकार द्यायला. नकार मनात घोकून, पक्का करून.

फळ्यावर कविता लिहिली होती.

शेवटच्या बोटीचा भोंगा.
रजईखाली तुझी भाताची वाटी अजून उबदार.
तुझ्या कोटाला परक्या साबणाचा वास.
पाय न वाजवता तू येशील,
आणि माझे डोळे मिटलेले असतील.

मुलं रंगीत पेनांनी ओळींखाली रेघा मारत होती. भोंगा म्हणजे नादप्रतिमा. वाटी म्हणजे स्पर्शप्रतिमा. साबण म्हणजे गंधप्रतिमा. भराभर उत्तरं येत होती. डॉक्टरांनी मेलेल्या माणसाची तपासणी करावी, तसं आजीला वाटलं.

तिला त्या प्रतिमा शिकायच्या नव्हत्या. कविता पुसान शहरातल्या मासिकात छापून आली, तेव्हा मासळीबाजारातल्या बायकांनी तिला ती मोठ्यानं वाचून दाखवली होती. "परका साबण कुठला गं, ओक्नान? तुमच्याकडे तर अंगालाही कपडे धुवायचीच वडी असते!" नवरा कामासाठी पुसानला जाई, चार-चार दिवस खोली घेऊन राही. बेटावरचीच कोणीतरी शेवटच्या बोटीनं त्या खोलीवर जाते, असा अर्थ तिनं लावला. त्यानंतर कित्येक वर्षं ओक्नान काहीतरी निमित्त काढून धक्क्यावर जाऊन उभी राहायची. पुसानकडून आलेली एकेक बाई उतरताना न्याहाळायची. जवळून जाणारीच्या अंगाला कसला वास येतो, तेही हुंगायची.

साबण एक वेळ तिनं गिळला असता. वाटी तिला गिळता आली नाही. घरात पाण्याचा पेला हातानं न घेणारा माणूस त्या सटवीसाठी भात रजईखाली ऊब देऊन ठेवतो! नवऱ्याच्या तेराव्या स्मृतिदिनालाही त्याच्या फोटोपुढे भात वाढताना तिनं वाटी जरा आपटूनच ठेवली होती.

आणि आता ती बाई दगडावर कोरायची? धक्क्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर?

"सर, मला वाटतं उजे चुकतोय," खिडकीपाशी बसलेली एक मुलगी उठली. तिचं नाव हारिम. "कवी आणि कवितेतला ‘मी’ एकच असं धरू नका, असं तुम्हीच सांगता ना?"

"सांगतो. मग?"

"मग रजईखाली वाटी कोण ठेवतं? माझे आजोबा तर चमचासुद्धा मागून घेतात." वर्ग हसला. ती हसली नाही. "जो बोटीनं येतो, तो ‘तू’. जो घरी वाट बघतो, तो ‘मी’. म्हणजे इथे बोलणारी बायको आहे, सर. कोट नवऱ्याचा आहे. परक्या साबणाचा वास घेऊन घरी येतो, तो कवी स्वतःच."

"अरे बापरे," उजे पुटपुटला.

सरांचे कान लाल झाले. "हारिम, खाली बस."

"बसवू नका तिला," आजी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पुढे बोल, पोरी."

हारिम घाबरली, पण बोलली. "पुढे शेवटची ओळ आहे, आजी. ‘मी झोपी गेलेली असेन’ असं नाही लिहिलेलं. ‘डोळे मिटलेले असतील’ असं लिहिलंय. शब्द मुद्दाम निवडलाय. ती जागी आहे. आणि लिहिणाऱ्याला ते माहीत आहे."

आजीनं चहा खाली ठेवला. पुसानहून तो परतायचा, त्या रात्री तिला लख्ख आठवल्या. तो दार हलकेच सरकवायचा, तिनं रजईखाली ठेवलेली वाटी चाचपडत काढायचा, चमच्याचा आवाज होऊ न देता अंधारात सगळा भात संपवायचा. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मला झोपलेली समजून फसतोय बिचारा, असं तिला वाटायचं. जेवून झाल्यावर तो बराच वेळ तसाच बसून राहायचा. का, ते तिला कधी कळलं नव्हतं.

तास संपल्याची घंटा झाली. एकही मूल हललं नाही.

"आजी, माफ करा," नाम सर जवळ येऊन हळूच म्हणाले. "दुसरी एखादी कविता निवडू आपण. समुद्रावरची एक आहे. ही शिळेवर गेली, तर सगळं बेट वाचेल."

"हीच कोरा," ओक्नान म्हणाली. "त्यातलं बोलणं माझंच आहे. मी ते कधी बोलले नाही, एवढंच."