टेबलाशी बोललेले

पात्रे वठवून, वीस बाजूंचा फासा टाकून खेळावयाच्या त्या खेळात आमच्या घराने स्वतःचा एक नियम जोडला होता. टेबलाशी बसून जो जे बोलेल, ते त्याच्या पात्रानेच बोलल्याचे मानावे. दादा सेनापती होता, वहिनी राणी, आणि खेळ चालविण्याची जबाबदारी माझ्या शिरावर होती. त्या सायंकाळी वहिनींचे चित्त थाऱ्यावर नव्हते; त्या सारख्या दाराकडे पाहत होत्या.

"अहो, ठेवा तो फासा. कधीची सांगतेय, तुम्ही ऐकूनच घेत नाही. मी आईकडे चाललेय. कायमची."

"राणीसाहेब माहेरी निघाल्या!" मी घोषणा केली. "सेनापती, अडवायचं तर वीसपैकी पंधरा तरी पाडा."

"आत्ता अडवतो बघ!" दादाने फाशावर फुंकर मारली. फासा टेबलाखाली गडगडला. खाली पडलेला धरायचा नाही, हाही आमचाच नियम. म्हणून त्याने पुन्हा टाकला.

वीस! आम्ही दोघा भावांनी टेबल बडवून आसमंत दणाणून सोडला.



थांबलो, तेव्हा जिन्यावरून चाकांच्या बॅगेचा आवाज एकेक पायरी खाली उतरत होता.