टेकडीकडे बघा

कॅरिबियन समुद्रातल्या बेक्विया बेटाजवळ हंपबॅक देवमाशाची मादी पिल्लाला घेऊन पर्यटकांच्या लाँचशेजारीच बुडी मारून गेली. तेवढ्यात लाँच चालवणाऱ्या अर्लिनला देवमाशाच्या शिकारीला निघालेली बापाची शिडाची होडी दिसली. होडीच्या टोकाला भाला घेऊन तोच उभा होता.

"सगळे बेटावरच्या टेकडीकडे बघा," ती दबक्या आवाजात पर्यटकांना म्हणाली. "पाण्याकडे कुणी बघायचं नाही."

"काय गं पोरी, गवसली का?" बापाने हाक दिली.

"कुठलं काय, बाबा! नुसते डॉल्फिन."

लाँचपाशी पाण्यावर गुळगुळीत गोल डाग अजून तसाच होता. बुडी मारलेल्या देवमाशाची ती खूण ओळखायला तिला त्यानेच शिकवलं होतं. त्याची नजर नेमकी त्या डागावर खिळली.

"शीड फिरवा रे," तो खलाशांना म्हणाला, "डॉल्फिनच आहेत."

आणि तोही टेकडीकडे बघू लागला.