नारिंगी पोटं

लेक देवाघरी गेली, आणि तिने जिवापाड जपलेल्या ॲक्सोलॉटलच्या अंड्यांतून त्याच आठवड्यात पिल्लं बाहेर आली. पाण्यात राहणाऱ्या सरड्यासारखा इवलासा जीव, काचेसारखा आरपार दिसणारा. खाल्लेलं पोटात दिसायचं. "आई, माझ्या लेकरांना उपाशी ठेवू नकोस हं," असं ती दवाखान्यातून बजावत राहिली होती.

म्हणून आई रोज बरणीत कोळंबीची धुळीएवढी नारिंगी पिल्लं उबवून काढायची आणि ड्रॉपरने ती लेकीच्या पिल्लांना भरवायची. त्यांची पोटं नारिंगी झाली, की तिचा जीव भांड्यात पडायचा.

आज बरणीतली कोळंबी सगळी मरून तळाशी बसली होती. आता यांना काय घालू, या काळजीने ती पिल्लांच्या टबाशी आली, तर सगळ्यांची पोटं तुडुंब नारिंगी.

"अहो, तुम्ही भरवलंत यांना?"

"मी कशाला? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," नवरा आतून म्हणाला.

टेबलावरचा ड्रॉपर ओला होता.

लेकीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत आईने हळूच विचारलं, "आणि तू जेवलीस का गं, बाळा?"

ड्रॉपरचा रबरी फुगा, कुणी चिमटीत धरावा तसा, सावकाश आत दबला.