पितळेवरच्या लाटा

"हे पातंसुद्धा भिकार!" नवऱ्याने हौसेच्या लेथ मशीनवरून पितळेचा तुकडा काढून आदळला. नवं पातं लावूनही कातलेल्या पितळेवर लाटाच लाटा.

कुमुदने चहा ठेवला. तिची पोळी असो की रांगोळी, संसारभर तो पाहुण्यांदेखत हसत सांगत आला होता, "हिच्या हाताला वळणच नाही."

मग तो आपल्याच बोटांकडे बघत बसला. "पात्यात नाही गं, माझ्याच हातात खोट आहे. विकून टाकतो लेथ."

"खरंय," ती मायेनं म्हणाली. "तुमच्या हाताला वळणच नाही."

तो आत गेला, तसा तिने कमरेला खोचलेला पाना काढला. पातं धरणाऱ्या टूलपोस्टचा नट ती रोज सकाळी सैल करायची, म्हणजे कापताना पातं थरथरायचं. आज करकचून आवळला. गिऱ्हाईकाला मशीन ठणठणीत दिसायला हवं.