नऊ मिनिटांची जागा

"विज्ञाननगरी चालत सात मिनिटं. विद्यापीठ समोर. विमानतळ वीस मिनिटं, आणि भुयारी रेल्वेचं स्टेशन तर गेटाशीच," जागा दाखवणाऱ्याने एका दमात सांगून टाकलं. सकाळपासूनची ही चौथी पोपटपंची. घसा कोरडा पडला होता, पाय तर केव्हाचेच रजेवर गेले होते.

बाईंनी नुसतं "हं" केलं. त्या सूक्ष्मदर्शक यंत्रं बनवत. त्यांनी पिशवीतून काचेचा पेला काढला, बाटलीतलं पाणी काठोकाठ ओतलं, रिकाम्या तळमजल्याच्या मधोमध फरशीवर तो ठेवला आणि स्वतः शेजारी मांडी घालून बसल्या.

"आमच्या कामाला जरासुद्धा हादरा चालत नाही, काका. जुन्या जागेमागून ट्रकांचा रस्ता गेला. आता अकरा जागा पाहून झाल्या. सगळीकडे पाणी हललं."

"बघा की निवांत," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

निवांतपणा फक्त नऊ मिनिटांचा होता. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, एक भुयारी गाडी गेली की बाईंना आत न्यायचं आणि दुसरी यायच्या आत बाहेर काढायचं. एरवी खालून गाडी गेलेली कुणाला कळतही नसे. टेबलावरच्या चहाला तेवढी कळायची. हा मजला या महिन्यात गेला नाही तर त्याची रवानगी नव्या साइटवर, घरापासून रात्रभराच्या प्रवासावर. घरी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रोज संध्याकाळी त्याच्या दंडाला धरून ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालायची. काल पहिल्यांदाच कोपरा ओलांडून पुढे गेली होती.

सहा मिनिटं झाली. पाणी जागचं हललं नाही.

"सुटले बाई!" बाईंनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "घेऊन टाकू. कागद कुठे आहेत?"

त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. तो बाईंच्या चपलांकडे बघत राहिला. टाचा एका बाजूने पार झिजल्या होत्या. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? यंत्रं येतील, मांडली जातील, आणि मग पहिल्याच दिवशी या बाई पुन्हा पेला घेऊन खाली बसतील.

"कागद ऑफिसात आहेत," तो म्हणाला.

बाई पेला उचलायला वाकल्या.

"राहू द्या तो. अजून दोन मिनिटं बसा, मॅडम."

"कशाला?"

"बसा तर खरं."

गुडघ्यावर हात टेकत तोही खाली बसला. दोघं बघत राहिले. मग पाण्यावर बारीक वर्तुळं उठली, काठापर्यंत गेली आणि एक थेंब बाहेरून ओघळला.

"दर नऊ मिनिटांनी," तो म्हणाला. "पहाटेपासून रात्रीपर्यंत."

बाई चिडल्या नाहीत. चिडायलाही अंगात जोर लागतो.

"बारा झाल्या," त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून, "आता तुमचे साहेब काय म्हणतील?"

"म्हणणार काय? बदली करतील. लांब." आवाज मध्येच बसला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. कोपऱ्याच्या पुढे बायकोला आता कोण नेणार होतं?

बाईंनी पेला उचलला, रुमालाने बाहेरून पुसला आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या. सकाळपासून बोलताय."