वरच्या खोलीतला रेडिएटर

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या एनिड होलरॉयडआजींकडे मी घर गरम ठेवणारं नवं हीटिंग बसवलं, पाइपांत पाणी भरलं, दाबाचा काटा दीड बारवर आणला आणि पाणी भरायची नळी नियमाप्रमाणे काढून ठेवली. मग वरच्या खोलीतल्या रेडिएटरमधली हवा सोडायला किल्ली फिरवली.

हवा फुस्सकन बाहेर आली. थांबली. मग आत ओढली गेली. पुन्हा बाहेर.

"आधीचे दोघे कारागीर इथूनच पळाले," दारातून आजी म्हणाल्या. "तुलाही पळायचं असेल, तर चहा पिऊन पळ."

"मी काम अर्धवट सोडत नसते, आजी."

हवा सुटत होती त्या भोकावर मी अंगठा गच्च दाबला. आतली हवा धडपडली.

त्याच क्षणी मागे आजींना धाप लागली. मी दचकून अंगठा उचलायला गेले.

भिंत धरून खाली बसत त्या गुरकावल्या, "उचललास तर याद राख! काम पुरं कर, सुटू दे मला."