गुळगुळीत बोटं

कारखान्याच्या कपाटातल्या रेशमाच्या लडी चोरीला गेल्या आणि फौजदारानं आम्हा सगळ्या बायकांचे ठसे घेतले. बोट दाबलं, तर कागदावर नुसता काळा डाग! वीस वर्षं उकळत्या पाण्यात रेशमाच्या कोषांतल्या धाग्यांची टोकं शोधता शोधता आमच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्यात.

"घाबरू नका, मावशी," फौजदार म्हणाला. "कपाटावरच्या ठशांत रेष न् रेष दिसतेय. म्हणजे तुमच्यातली कुणी नाही."

बाकीच्या हसायला लागल्या. मी मात्र दाराकडे पाहिलं. रोज दुपारी माझा डबा घेऊन येणारी लेक आज फिरकली नव्हती.



तिचं बोट मी त्या पाण्याला कधी लागू दिलं नव्हतं.